घसारा, जुनी विमाने आणि आपली मुले



आम्हा कॉमर्सवाल्यांच्या वहीत घसारा नावाचा एक रकाना असतो. यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याची किंमत थोडी थोडी उतरवत जायची. काही वर्षांनी वहीत त्या यंत्राची किंमत जवळजवळ शून्य होते, पण कारखान्यात ते धडधडत चालूच असते. मग त्याच्या म्हातारपणाचा खर्च कुठे जातो? तो वहीत दिसत नाही. पाना घेऊन यंत्राखाली शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर तो पडतो, आणि कधी कधी यंत्र चालवणाऱ्याच्या जिवावर.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणवर बॉम्ब टाकले तेव्हा वटवाघळाच्या आकाराची काळी विमाने आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. त्यांचे नाव बी-२. स्टेल्थ, म्हणजे रडारला सहजी न सापडणारी बॉम्बफेकी विमाने. आमच्या वस्तीतली पोरे ‘एकदम नवीन मॉडेल’ म्हणून चर्चा करत होती. नवीन कसले! हे विमान पहिल्यांदा उडाले ते १९८९ साली आणि सैन्यात दाखल झाले १९९३ साली. १३२ बांधायची होती, पण खर्च इतका वाढला की २१ वर काम थांबवावे लागले. त्यांपैकी आज १९ उरली आहेत. अंगावरचा रडार चकवणारा लेप ओलाव्याने बिघडतो म्हणून त्यांना खास हवेच्या शेडमध्ये ठेवावे लागते. रडार, संगणक, संदेशयंत्रणा बदलत बदलत त्यांना तीस वर्षे चालवले आहे, आणि त्यांची जागा घेणारे बी-२१ हे विमान आता कुठे तयार होत आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची ही तऱ्हा.

त्या २१ पैकी एक कसे गेले ते मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी २००८ मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर एक बी-२ उडता उडताच कोसळले आणि जळून खाक झाले. दोघे वैमानिक बाहेर फेकले गेले म्हणून वाचले. चौकशीत निघाले काय, तर हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रांत दमटपणा शिरला होता आणि संगणकाला विमानाचा वेग चुकीचा कळला. यंत्रे आधी गरम करून कोरडी केली की आकडे बरोबर येतात, ही युक्ती दोन वर्षांपूर्वी त्याच बेटावर काम केलेल्या माणसांना सापडली होती. पण ती रीतसर पुस्तकात चढलीच नाही. त्यामुळे पुढच्या तुकडीतल्या सगळ्यांना ती ठाऊक नव्हती. एका विमानाची किंमत अब्जावधी डॉलर, आणि ते गेले हातची विद्या कागदावर न उतरल्यामुळे.

हे आपल्या बार्शीकरांना नव्याने सांगायला नको. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि किती पिढ्यांनी ती वापरली! ती इतकी वर्षे चालली ती कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधल्या फिटर, लोहार, बॉयलरवाल्यांच्या जोरावर. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारी ही माणसे. त्यांची विद्या कुणी लिहून घेतली?

ही रेल्वे बांधणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा पुढचा उद्योग फार थोड्यांना माहीत आहे. विमान अपघातात त्याचा एक मित्र १९१० साली गेला, त्यानंतर त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात ती उपलब्ध असूनही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या वैमानिकांना दिली नाही. छत्री दिली तर माणूस विमान वाचवायचे सोडून उडी मारेल, असे म्हणणारेही होते. बार्शीला गाडी देणाऱ्या माणसाची ही कथा. विमानाची किंमत वहीत होती, माणसाची नव्हती.

आता आपल्या राज्यातल्या विमानांकडे येऊ. स्टेल्थ बॉम्बर आपल्या देशाकडे नाही. पण जुनी लढाऊ विमाने पुन्हा नवी करण्याचे मोठे काम आपल्या नाशिकजवळ, ओझरला चालते. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तिथे मिग-२१ बांधली, दुरुस्त केली. नव्वदच्या दशकात त्यांपैकी १२५ विमानांना नवे रडार, नवी शस्त्रे बसवून आणखी आयुष्य द्यायचे ठरले. नव्या विमानांचा पत्ता नव्हता म्हणून जुन्यालाच टेकू. १९६३ साली सैन्यात आलेले मिग-२१ शेवटी २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले.

या टेकूची किंमत संसदेत सांगितली गेली आहे. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. चाळीस वर्षांत सर्व प्रकारच्या मिग विमानांचे ४८२ अपघात झाले. १७१ वैमानिक गेले. जमिनीवरची साधी ३९ माणसे गेली, ती तर कुठल्याच युद्धात नव्हती. पुण्याच्या कविता गाडगीळ यांचा वैमानिक मुलगा अभिजित २००१ साली मिग-२१ च्या अपघातात गेला. दोष वैमानिकाचा, असे सांगितले गेले. आईने ते मान्य केले नाही, वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, दाद मागितली. जुन्या गाडीचा ब्रेक लागला नाही की पहिला सस्पेंड होतो तो ड्रायव्हर, हे आपल्या एस.टी.तल्या बांधवांना विचारा. खरेदी वीस वर्षे लांबवणाऱ्याला कुणी सस्पेंड केल्याचे ऐकिवात नाही.

आज ओझरला सुखोई-३० विमानांची बांधणी आणि मोठी दुरुस्ती होते. ही विमाने २००२ साली पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाली, म्हणजे सर्वांत जुनी विशीच्या पुढे गेली. त्यांना नवे रडार आणि नवी यंत्रणा बसवायला २०२३ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला तयार झालेले पहिले तेजस विमानही उडाले. याचा अर्थ पुढची अनेक वर्षे तिथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांच्या हातांना काम आहे.

काही वाचक विचारतील, आपण बुद्धाचे अनुयायी, बॉम्ब आणि लढाऊ विमाने यांत आपल्याला काय? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, तो वाचावा. आणि लष्करी खर्चाकडे डोळे उघडे ठेवून कसे पाहावे हेही त्यांनीच दाखवले. १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर काढलेल्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला होता. देशाचे उत्पन्न ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि याला आपले परराष्ट्र धोरण कारण आहे. सैन्य नको असे ते म्हणाले नाहीत. हिशेब द्या म्हणाले. मलाही तेवढेच म्हणायचे आहे. पैसा खर्च होणारच असेल तर कुणाच्या घरात पगार जातो तेही विचारायचे.

त्यात आपला जुना घाव आहे. ओझरचा कारखाना केंद्र सरकारचा. धर्मांतरानंतर ज्यांनी प्रामाणिकपणे ‘बौद्ध’ अशी नोंद केली त्यांना राज्यात सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. त्या वर्षी व्ही. पी. सिंग सरकारने कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा दार उघडले. तोवर ओझरच्या पहिल्या भरतीची पिढी निवृत्तीच्या वाटेला लागली होती. कित्येकांनी पोटासाठी कागदावर जुना धर्म ठेवला, कित्येकांनी नोकरी सोडली पण बौद्ध हा शब्द सोडला नाही. या दोघांनाही नावे ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

बाबासाहेबांना कारखान्याचे महत्त्व फार आधी कळले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे. आमच्या मुलांना रेल्वे वर्कशॉपमध्ये, सरकारी छापखान्यात उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी मागितले. आपण मात्र त्यातला तेवढाच भाग विसरलो. मुलगा बी.ए. झाला की पेढे, आणि आय.टी.आय.ला गेला की तोंड बारीक. क्लार्कच्या खुर्चीवर बसून हे लिहिणारा मीही त्याच मताच्या घरात वाढलो.

तेव्हा ज्यांची मुले-मुली बार्शी, कुर्डुवाडी, सोलापूरच्या आय.टी.आय.त आहेत त्यांनी निकाल लागायची वाट पाहू नये. ओझरला उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसच्या जागा निघतात. केंद्राच्या अप्रेंटिस पोर्टलवर नाव आधी नोंदवावे लागते. दुसरे, केंद्राच्या सवलतीसाठी बौद्ध उमेदवाराचा जातीचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो, त्यात मूळ जातीचा उल्लेख असतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले ऐनवेळी अडतात. तहसीलमध्ये मागताना ‘केंद्राच्या नमुन्यातला’ असे स्पष्ट सांगा आणि हातात पडल्यावर तिथेच उभे राहून वाचा. तिसरे, भरती कायम पदाची आहे की मुदतीच्या कराराची, हे जाहिरातीत बघा. आरक्षणाचा आकडा आणि करारावरची माणसे यांची गल्लत सगळीकडेच होते.

अर्ज भरायला अडचण आली तर रविवारी सकाळी वंदनेनंतर बुद्धविहारात या. येताना शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचा किंवा आजोबांचा जातीचा पुरावा, दोन्हींच्या झेरॉक्स प्रती आणा.