वीज गेली तरी काम जाऊ नये

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या वहिनी अगदी रडवेल्या होऊन आल्या. घर सांभाळून त्या दोन दुकानांचे हिशेब कॉम्प्युटरवर लिहून देतात. महिनाअखेरची रात्र, आणि नेमकी वीज गेली! दोन तासांचं काम तर बुडालंच, पण फाइलही पुन्हा उघडेना. "घरात इन्व्हर्टर असून असं कसं हो झालं?"

त्याचं असं आहे, मैत्रिणींनो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो. यूपीएस तो क्षण सांभाळतो. काही इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असं बटण असतं. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर आधी ते लावून पाहा. कदाचित वेगळा खर्च करावाच लागणार नाही.

यूपीएस घ्यायचाच झाला तर दुकानदार ‘६०० व्हीए’ म्हणेल. आपण वॅट विचारावे. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटचे असतात. साधा घरगुती कॉम्प्युटर मॉनिटरसकट १०० ते २०० वॅट घेतो, म्हणजे तेवढा पुरे. पॉवर सप्लायवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, ती त्याची जास्तीत जास्त क्षमता. रोजचा खप नव्हे. मात्र मुलांनी खेळांसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल, तर १००० व्हीए किंवा त्याहून मोठा लागेल.

आणि एक गैरसमज काढून टाका. हा छोटा यूपीएस तासन्‌तास काम करण्यासाठी नसतो. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती फाइल जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यासाठी!

लक्षात ठेवा :

• लेझर प्रिंटर, इस्त्री यूपीएसवर मुळीच लावू नका. वाय-फायचा राउटर चालेल.

• प्लग तीन पिनांचाच हवा. घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

• यूपीएस बंद कपाटात कोंबू नका. त्याला वारा लागू द्या.

• महिन्यातून एकदा, फाइल जतन करून, भिंतीवरचं बटण बंद करा. मिनिटभरातच सगळं बंद पडलं तर बहुधा बॅटरी संपली. ती साधारण दोन ते चार वर्षं टिकते. नुसती बॅटरी बदलून मिळते. नवा यूपीएस कुणी गळ्यात मारू पाहील, तर घेऊ नका. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्या.

"एवढ्याशा कामाला आणखी एक डबा कशाला?" असं वहिनींच्या घरी म्हटलं गेलंच. वहिनींनी आपल्या कमाईतून यूपीएस आणला. परवा पुन्हा वीज गेली, तेव्हा त्यांनी शांतपणे फाइल जतन केली, कॉम्प्युटर बंद केला आणि मगच मेणबत्ती शोधायला उठल्या.