आजार खरा, हक्कही खरा

आपल्या सल्ला केंद्रांवर सासरची माणसं येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाई डोक्यानं बरी नाही, आम्हाला फसवून लग्न लावून दिलं." माहेरचे म्हणतात, "आमची मुलगी धडधाकट होती, यांनीच छळून तिला वेडी केली." दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलत असतात. जिच्याविषयी बोलणं चाललेलं असतं, ती मात्र गप्प असते.

अशा वेळी संघटनेपुढे दोन सोप्या वाटा असतात. 'वेडी' हा शिक्का मारून बाईला घराबाहेर काढणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. म्हणून आजार नाहीच असं धरून भांडायचं, ही एक. डॉक्टरची चिठ्ठी पाहून 'आता आपण तरी काय करणार' म्हणत हात टेकायचे, ही दुसरी. पहिल्या वाटेनं तिचे उपचार राहून जातात, दुसरीनं तिचे हक्क.

म्हणून मैत्रिणींनो, आधी आजार समजून घेऊ. स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता. एका देहात दोन माणसं, असा याचा अर्थ नाही. यात विचार, भावना आणि वास्तवाचं भान यांची सांगड सुटते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, कोणीतरी पाळत ठेवतंय, जेवणात विष घालतंय असं ठाम वाटू लागतं, बोलणं असंबद्ध होतं. ही लक्षणं चटकन दिसतात. पण माणसं टाळणं, अंघोळ-केस विंचरणं सोडून देणं, कशातच मन न लागणं, लक्ष न टिकणं हीसुद्धा लक्षणंच आहेत. पुरुष कामाला जायचा थांबला की घर काळजीत पडतं. बाईनं दूध उतू घालवलं, मुलांचे डबे विसरली की ती 'आळशी' ठरते आणि उपचाराआधी मार सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, बायकांत काही वर्षं उशिरा. काहींना पाळी जाण्याच्या सुमारास. आपल्याकडे त्या वयापर्यंत मुलीचं लग्न झालेलं असतं. म्हणजे लग्नात ती खरोखर बरी असू शकते आणि आजार सासरी दिसू लागतो. माहेरचे खोटं बोलत नसतात, आणि आजारही खोटा नसतो.

कारण एकच एक नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण आई किंवा वडील आजारी असले तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांचं बिघडलेलं काम, गर्भारपणातल्या किंवा बाळंतपणातल्या अडचणी, गांजाचं सेवन यांचाही संबंध आढळला आहे. छळ, उपासमार, झोप नसणं यांनी आजार उफाळतो. छळ करणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे कमी होत नाही. १९४८ साली एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच आईच्या वागण्याकडे बोट दाखवणारी कल्पना मांडली आणि कित्येक वर्षं आया दोषी ठरत राहिल्या. पुढं ती कल्पना टिकली नाही. भूतबाधा, करणी हीही कारणं नव्हेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

उपचार आहेत. १९५० च्या दशकापासून गोळ्या उपलब्ध आहेत आणि त्यांनी भास-भ्रम बऱ्याच जणींचे आटोक्यात येतात. त्यासोबत समुपदेशन, काम आणि घरच्यांची समज लागते. मात्र काही औषधांनी वजन वाढतं, पाळी थांबते. मग दिवस गेले असं वाटून किंवा घाबरून गोळ्या बंद होतात. डॉक्टरला सांगितलं तर औषध किंवा मात्रा बदलता येते, हे बाईला कोणी सांगतच नाही. सुरगाणा-पेठहून नाशिकला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, तेही एक कारण. आणि सर्वांत घातक कारण म्हणजे 'लग्न झालं की बरी होईल' हा सल्ला. आजार लपवून लग्न लावायचं, सासरी दिसू नयेत म्हणून गोळ्या सोडायच्या, आणि थोड्याच महिन्यांत आजार उलटला की 'फसवणूक' ऐकून घ्यायची. आजार लपवणाऱ्या लग्नाला आपण ठाम विरोध केला पाहिजे.

आता कायदा. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकार आला, त्यात स्किझोफ्रेनियाचं नाव घेऊन. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे कारण वगळलं गेलं, स्किझोफ्रेनिया राहिला. तरी नुसतं नाव पुरत नाही. विकार इतका असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलं. २०१३ मध्ये कोल्लम चंद्रशेखर खटल्यात त्याच न्यायालयानं अशा कारणावर नवऱ्याला घटस्फोट नाकारला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की आजार आहे एवढ्यावरून कोणी 'अनसाऊंड माइंड' ठरत नाही. ते न्यायालयानंच ठरवायचं. साखळीनं बांधायला, भूल न देता विजेचे झटके द्यायला आणि उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्यासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. प्रत्यक्षात काय होतं? महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. ते थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये सांगावं लागलं.

शेजारच्या संगमनेरात १९८८ साली परित्यक्ता परिषद भरली आणि टाकलेल्या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. आजारी म्हणून टाकलेली बाई त्याच रांगेत आहे, फक्त तिला स्वतःसाठी बोलणं अधिक अवघड आहे. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेत डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी अशा बायकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. आजाराच्या कलंकापेक्षा टाकलेली असण्याचा कलंक त्यांना आणि घरच्यांना जास्त बोचत होता. म्हाताऱ्या आईबापांनंतर तिचं कोण, हा प्रश्न आपल्याकडेही तसाच आहे.

तेव्हा केंद्रावर अशी बाई आली तर काय करायचं? पहिलं, तिच्याशी एकटीशी बोलायचं. संशय हे लक्षण असू शकतं, म्हणून तिची प्रत्येक तक्रार भ्रम ठरत नाही; आजारी बाईलाही मार बसतो. दुसरं, निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच, तेही नीट तपासणी होऊन. सासरच्यांनी आणलेल्या एका चिठ्ठीवर विश्वास नको. जिल्हा शासकीय रुग्णालयात जाता येतं, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. बाळंतपणानंतरच्या दिवसांत अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. तिसरं, स्त्रीधन, पोटगी, मुलांची भेट आणि घरात राहण्याचा हक्क या चारही गोष्टी पहिल्याच अर्जात मागायच्या. मोफत वकील मिळण्याचा तिला दुहेरी हक्क आहे, बाई म्हणून आणि आजारी म्हणूनही. चौथं, ती बरी असताना तिच्याकडूनच लिहून घ्यायचं की आजार उलटला तर उपचार कसे व्हावेत आणि तिच्या वतीनं कोणी बोलावं. २०१७ च्या कायद्यानं तिला हा अधिकार दिला आहे. तिच्या वतीनं बोलणारी व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. ती एखादी मैत्रीण असू शकते, आपल्यापैकी एखादी कार्यकर्ती असू शकते.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं आपल्या वस्तीत, गावात अशा किती जणी आहेत आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, हे पाहावं. तिथून सुरुवात करू.