गायरानाचा गळा कोणी घोटला?

दुष्काळ पडला की महाराष्ट्र सरकारला चारा आठवतो. छावण्या उघडतात, उसाच्या वाढ्यांचे ट्रक धावतात, दावणीच्या जनावरांची मोजदाद होते आणि बिले निघतात. २०१३ साली हेच झाले, २०१९ साली हेच झाले. पाऊस आला की छावणी उठते आणि त्याच गावाचे गायरान पुन्हा उघडेबोडके पडून राहते. या गायरानाची सलग पाच वर्षे निगा राखली असती, तर छावणीत ताटकळणाऱ्या कितीतरी जनावरांना आपल्याच शिवारात वैरण मिळाली असती, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो.

पठारावरच्या कोणत्याही गावाच्या गायरानात मृगाची चांगली सर पडून गेल्यावर जा आणि सोबत पहार न्या. खुरांच्या खळग्यांत पाणी साचलेले असेल आणि उरलेले गढूळ होऊन ओढ्याकडे पळत असेल. पहार मारा, चार बोटे जाते न जाते तोच ती ठणकून थांबेल. तिथली ढेकळे उचलून फोडली तर माती मोकळी होत नाही, तिचे चपटे पापुद्रे सुटतात. वर्षानुवर्षे ओल्या मातीवर गुरे फिरली, मातीतली छिद्रे मिटली. आता तिच्यात पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि मुळांचा श्वास कोंडतो. पवन्या आणि मारवेल अशा जमिनीतून काढता पाय घेतात आणि मागे उरतात तरवड, गाजरगवत, घाणेरी आणि कुसळी. या कुसळीचे कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातड्यात घुसते, जनावराच्या तोंडात जखमा करते. गुरे जगवण्यासाठी राखलेल्या जमिनीवर आज गुरांना इजा करणारे गवत माजले आहे!

हे पाप कोणाचे? पहिला आरोपी सरकार. सरकारी दप्तरात माळरान म्हणजे पडजमीन आणि पडजमीन म्हणजे खड्डे खणायची जागा. २०१६ साली २ कोटी झाडे, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी, २०१९ साली ३३ कोटी, असे लक्ष्यांचे आकडे फुगत गेले. घोषणा झाडांची होती, गवताची नव्हती. जिथे मुळात वीतभरच माती आहे तिथे जेसीबी घालून चर काढायचे, खालचा मुरूम उपसून सुपीक मातीच्या उरावर टाकायचा आणि त्यावर गिरिपुष्पाच्या काड्या टोचून फोटो काढायचे, याला हिरवाई म्हणणाऱ्यांना शरम वाटली पाहिजे. आम्ही झाडांचे वैरी नाही. पण पुणे, नगर, सोलापूरचे माळ हे गवताचेच प्रदेश आहेत. काळवीट, लांडगा, माळढोक यांचे घर ते हेच. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर करणाऱ्या राज्यात आज तो पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तरीही माळावर झाडे कोंबण्याची हौस फिटत नाही!

दुसरे आरोपी गावातच बसले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याची योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. ज्यांनी गायराने गिळली त्यांनी तो निकाल धाब्यावर बसवला. मात्र दोन घास पिकवण्यासाठी गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित कुटुंबाला आणि गायरानावर मंगल कार्यालय उठवणाऱ्या पुढाऱ्याला एकाच मापाने मोजणे आम्हाला मान्य नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभे केले ते पुढाऱ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

आणि पशुपालक बंधूंनो, तुम्हालाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. पहिल्या पावसाने कोंब दोन बोटे वर येतो न येतो तोच त्यावर गुरे सोडायची, मुळात साठलेली ताकद ओरबाडायची आणि भाद्रपदात गवत कुठे गेले म्हणून विचारायचे, हे कुठवर चालणार? जे वाचते ते फुलोऱ्यात कापायचे सोडून काडी वाळेपर्यंत उभे ठेवायचे, सत्त्व निघून गेल्यावर गंजी रचायची आणि उरलेल्याला उन्हाळ्यात काडी लावायची. वणव्याने गवत जोमाने फुटते, हा समज आमच्या डोंगरउतारांना भाजून काढतो आहे.

करायचे काम अवघड नाही, म्हणूनच संताप अधिक येतो. घट्ट झालेली जमीन उताराला आडवी, अंतराअंतराने, बैलाच्या नांगराने उथळ फोडायची. सबंध नांगरायची नाही, नाहीतर पहिल्याच वळवाने माती वाहून जाईल. त्या तासांत पावसाच्या तोंडावर मारवेल, पवन्या, अंजन गवताचे बी ओल्या मातीत मिसळून टाकायचे, सोबत स्टायलो. स्टायलोच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात. घाणेरी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढायची. मग सर्वांत कठीण गोष्ट: पावसाळाभर तिकडे गुरे फिरकू द्यायची नाहीत. फुलोऱ्यात विळा चालवायचा आणि चार बोटे खुंट ठेवायचा.

हिवरे बाजारने हे करून दाखवले. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, गवत विळ्याने कापून दावणीत आणले आणि दुष्काळी म्हणून नाव पडलेल्या त्या गावात दूध पिकू लागले. त्याच नगर जिल्ह्यातल्या इतर गावांना हे दिसत नाही काय? मात्र चराईबंदीचा बडगा धनगराच्या मेंढ्यांवर उगारून गाव सुधारल्याची शेखी कोणी मिरवू नये. मेंढपाळाला बैठकीत बसवा, गायरानाचे तुकडे पाडा, एक तुकडा विश्रांतीला ठेवा, दुसरा चराईला द्या आणि पाळी ठरवा. माळाची नस त्याला कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते.

आमची मागणी स्पष्ट आहे. यंदा मृगापूर्वी प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्यातल्या गायरानांची यादी, मूळ क्षेत्र, आजचे क्षेत्र आणि बळकावणाऱ्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. रोजगार हमीच्या कामांत गवताच्या बियाण्याला आणि उथळ तासांना स्वतंत्र पैसा द्यावा. आणि माळावर जेसीबी नेणाऱ्या प्रत्येक योजनेला ग्रामसभेच्या लेखी ठरावाशिवाय एक छदामही मिळू नये.