धंदा काढताय? आधी तांडा जुळवा

मंडळी, १ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर काढल्यात, जाळ्यांची डागडुजी चाललीय. याच दिवसांत आपल्या पोरांच्या डोक्यात धंदे येतात. कोणी म्हणतो मोबाइलवर ताजी मासळी विकू, कोणी म्हणतो सुकं पाकिटात घालून पाठवू. चांगलं आहे. पण आमचं म्हणणं एवढंच, नुसत्या कल्पनेवर पैसे लावू नका. सोबत कोण आहे ते बघा.

केरळातल्या मॅथ्यू जोसेफ यांचं बघा. मासळी निर्यातीत मुरलेला माणूस. त्यांनी 'सी टू होम' नावाने ऑनलाइन मासळी विक्री सुरू केली, पण ती बंद पडली. त्यांचंच एक गिऱ्हाईक होतं शान कडविल, गेम बनवणाऱ्या झिंगा कंपनीचे भारतातले माजी प्रमुख. दोघे एकत्र आले आणि २०१५ मध्ये 'फ्रेश टू होम' उभं राहिलं. २०२३ मध्ये त्यात १०.४ कोटी डॉलरची गुंतवणूक आली. गुंतवणूक म्हणजे नफा नव्हे, हे खरं. पण कल्पना जवळपास तीच होती, बदलली ती टीम. एकाला मासळी कळत होती, दुसऱ्याला कॉम्प्युटर.

आपल्याकडे काय होतं? चार दोस्त जमतात, चौघेही होडीवरचे. मग हिशेब कोण ठेवणार, गिऱ्हाइकाचा फोन कोण घेणार? रापणीत सगळेच दोरी ओढायला किनाऱ्यावर उभे राहिले तर होडीतून जाळं कोण सोडणार? आणि कुठल्या गिऱ्हाइकाला काय लागतं, भाव कधी उतरवायचा, हे बाजारात बसणाऱ्या आपल्या आई-बायकोइतकं कोणाला कळतं? त्यांना मदतनीस नको, भागीदार करा.

वाटा पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. पैसे कोणाचे, होडी कोणाची, वेळ कोणाचा, सोडून गेला तर काय. जाळं ओढल्यावर वाट्याची बोलणी करायची नसतात.

कल्पना अशी घ्या की निम्मं काम आपल्याला आधीच येतं. उरलेल्या निम्म्यासाठी माणूस शोधा, मग तो नात्यातला नसला तरी चालेल. आधी वीस घरांना महिनाभर देऊन बघा. नाही जमलं तर कल्पना बदलता येते. भांडून तुटलेला भागीदार मात्र परत जोडता येत नाही.

ज्यांच्या मनात काही आहे त्यांनी १ ऑगस्टच्या आत संस्थेत या. एकटे नको, जोडीदारांना घेऊन या.