पालकसभेत बोलायचं कुणी?

बालमित्रांनो,

सहामाही परीक्षा झाली की शाळेतून चिठ्ठी येते, "पालकसभेस उपस्थित राहावे." चिठ्ठी पाहून पोटात गोळा येतो ना? मग त्या दिवशी बाई बोलतात, आई मान डोलावते आणि तुम्ही बाजूला उभे राहून फरशा मोजता. सगळं बोलणं तुमच्याबद्दल, अन् तुम्हीच मुके!

जरा माझ्याबरोबर गुलमंडीत चला. छत्रपती संभाजीनगरची ही जुनी बाजारपेठ. दिवाळीच्या तोंडावर इथे पाय ठेवायला जागा नसते. एखाद्या कापडाच्या दुकानात शिरा. चांगला दुकानदार नुसती किंमत सांगून गप्प बसत नाही. तो साडीची घडी मोडतो, पदर उजेडात धरतो. कुठे धागा निसटला असेल तर "ताई, इथे बघून घ्या" असं आपणहून सांगतो. गिऱ्हाईक त्यामुळे पळत नाही, पुढच्या सणाला पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतं.

मार्क म्हणजे नुसती किंमत. घडी मोडून दाखवायचा माल तुमच्या वहीत आहे!

अमेरिकेतल्या कितीतरी प्राथमिक शाळांत असं करतात. पालकसभेला मूलच आपल्या घरच्यांना आपलं काम दाखवतं. आवडलेलं पान कोणतं, चुकलेलं कोणतं, पुढे काय सुधारायचं, हे तेच सांगतं. बाई शेजारी असतात, अडलं तरच बोलतात. आधी वर्गात याची तयारी होते, कारण स्वतःची चूक शोधून ती धडधडीत सांगणं सोपं नाही. करून बघा, कळेल!

आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, असं त्यात लिहिलंय. मुलांनी बोलावं असं मात्र नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रगतीपुस्तकात शिक्षकांच्या नोंदीबरोबर मुलाचं स्वतःबद्दलचं मतही असावं, असं म्हटलंय. मग ते मत तोंडानं सांगायला काय हरकत आहे? बाईंना विचारा तर खरं.

आता गुलमंडीतली खरी अडचण. दिवाळीआधी सभा ठरली की दुकानात गर्दी. मालकाला गल्ला सोडता येत नाही, कामाला असलेल्याला सुट्टी मागता येत नाही. मग बाबा आले नाहीत म्हणून तुम्ही हिरमुसता. पण कधीकधी गर्दी हे निमित्त असतं, बरं का! "मी कुठं एवढा शिकलोय, बाईंशी काय बोलणार?" असं बाबांना वाटत असतं. ते कुणाला सांगत नाहीत. आईला वाचता येत नसेल तर तिलाही तसंच वाटतं. तुम्ही बोलायला लागलात की त्यांना उत्तरं द्यायची नसतात, फक्त ऐकायचं असतं. आणि निबंध तुम्ही वाचून दाखवलात, तर आईला तो सगळा कळतो.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. "शेजारच्याला किती मिळाले?" हा प्रश्न तेवढी दहा मिनिटं गिळून टाका. "हे गणित तू कसं सोडवलंस?" एवढंच विचारा. चुकीचं पान मुलानं आपणहून उघडलं आणि तुम्ही रागावलात, तर पुढच्या वेळी ते पान तुम्हाला दिसणार नाही.

सभा हुकली तरी बिघडत नाही. बाबा रात्री शटर ओढून घरी येतील, जेवतील, मग वही घेऊन बसा. आजोबांनाही चष्मा लावायला सांगा. आधी चांगलं अक्षर दाखवा, मग ते लाल रेघांचं पान. "बाबा, इथे हातचा विसरलो होतो. आता बघा," असं म्हणून तेच गणित त्यांच्यासमोर पुन्हा करा. बाबा काय म्हणाले ते मला पत्रानं कळवा हं!

तुमची,
ताई