सूर्य मावळताना पाठ फिरवा



पाऊस ओसरायला लागला की आपल्या बडोद्याचं आकाश संध्याकाळी फार देखणं होतं, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. ढगाआडून उतरणारे सोनेरी किरण, पंख्याच्या काड्यांसारखे फाकलेले. असाच एक फोटो बघून माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, सूर्य त्या ढगाच्या इतका जवळ असतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फोटोतल्या किरणांवर पट्टी ठेवून रेषा मागे वाढवल्या तर त्या ढगाच्या जरा मागेच एका बिंदूत मिळतात. त्या हिशेबाने सूर्य फार तर दोन-चार किलोमीटरवर हवा. पण तो आहे 15 कोटी किलोमीटरवर. इतक्या लांबून येणारे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतरच येतात. मग फाकलेले का दिसतात?

अहमदाबादला जाणारा आपला एक्सप्रेसवे आठवा. समोर बघितलं की लेनचे पांढरे पट्टे लांब कुठेतरी एका टोकाला मिळतात. गाडी तिथे पोचते तेव्हा पट्ट्यांमधलं अंतर तेवढंच असतं. किरणांचंही तेच होतं. लांबचे टोक अरुंद, जवळचे टोक रुंद, म्हणून पंखा.

खरी गंमत पुढे आहे. त्याच गाडीत मागच्या काचेतून बघा. पट्टे मागेही एका टोकाला मिळतात! म्हणजे किरण समांतर असतील तर ते आपल्या डोक्यावरून जाऊन पूर्वेलाही मिळताना दिसायला हवेत. आणि दिसतात. सगळे पश्चिमेकडे मोबाइल रोखून उभे असतात, तेव्हा एकदा पाठ फिरवा. सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला, क्षितिजापाशी, फिकट गुलाबी-निळे पट्टे एकत्र येताना दिसू शकतात. रोज नाही, पण पश्चिमेला पंखा ठळक असेल तर शक्यता चांगली. पूर्वेचे पट्टे नेहमी फिकेच असतात, कारण हवेतले धुळीचे आणि पाण्याचे बारीक कण प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेला उधळतात, मागे थोडाच परतवतात. माझ्या लेकीला रस्त्याचं उदाहरण पटलं नव्हतं ("रस्ता खाली असतो, बाबा"). अगाशीत उभी करून पूर्वेचे पट्टे दाखवले तेव्हा पटलं.

हौसेने गेम बनवणाऱ्या मुलांना ही गोष्ट लवकर कळेल. गेम इंजिनमध्ये सूर्य टाकताना त्याला जागा द्यावीच लागत नाही, फक्त दिशा द्यायची. सगळे किरण समांतर. तरी पडद्यावर पंखा आपोआप उमटतो. तो कोडमध्ये कुठेच लिहिलेला नसतो, बघणाऱ्याच्या जागेमुळे तयार होतो.

किरण दिसतात ते मुळात धुळीमुळे. जुन्या वाड्यात कौलाच्या फटीतून कवडसा पडायचा, पण तिथवर येणारा झोत दिसायचा तो उदबत्तीचा धूर असला की. आकाशातही तसंच. आणि दोन किरणांमधले काळे पट्टे म्हणजे ढगांच्या सावल्या. सूर्य बुडाल्यावरही कधी असे पट्टे दिसतात, आणि पश्चिमेला एकही ढग नसतो. तो ढग क्षितिजाखाली असतो. 10 किलोमीटर उंच ढगाचा माथा सपाट प्रदेशात 350 किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसतो, म्हणजे आपल्या अगाशीवर पडलेल्या सावलीचा मालक जामनगरच्याही पलीकडे असू शकतो.

आता खळं. 24 मे 2021 ला बेंगळुरूत भर दिवसा सूर्याभोवती मोठं गोल खळं दिसलं. आमच्या ऑफिसातल्या तिकडच्या लोकांनी फोटो टाकले, आणि तासाभरात तेच फोटो घरच्या ग्रुपवर आले, खाली "मोठं संकट येणार" असा मजकूर. दिवस कसे होते ते आठवत असेल. माझा आतेभाऊ तेव्हा ऑक्सिजनवर होता. आत्याचा फोन आला. मी सांगितलं की सहा-सात किलोमीटर वर पातळ ढग असतात, त्यात बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, खाली 42 डिग्री असली तरीही. त्यांतून जाताना प्रकाश साधारण 22 अंशांनी वळतो, म्हणून खळ्याची त्रिज्या नेहमी तेवढीच. आत्या ऐकत होती की नाही, माहीत नाही. मग तिने एकच विचारलं, "म्हणजे हे नेहमी होतं?" मी म्हटलं, वर्षातून अनेकदा, आपण वर बघत नाही इतकंच. "मग ठीक," म्हणाली. भाऊ पुढे बरा झाला. त्याचाही खळ्याशी काही संबंध नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

खळं मोजायला आपली वीत पुरते. हात सरळ लांब करून बोटं ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20-22 अंश होतात. अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी खळ्याच्या कडेला येईल. सूर्याचं खळं बघताना सूर्य पाण्याच्या टाकीआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड लपवायचाच, मुलांना हे आधी सांगा. उत्तरायणाला आपण सगळे दिवसभर वरच बघत असतो. त्या दिवशी पिसांसारखे पातळ ढग असतील तर पतंगांमधून हेही शोधा. चंद्राला अगदी चिकटून रंगीत कडं दिसलं तर ते खळं नाही. ते पाण्याच्या थेंबांमुळे होतं आणि बरंच लहान असतं.

शेवटचं एक, इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ट्रेकर मंडळी यासाठी ताटकळतात. पाठीशी सूर्य, समोर दरीत धुकं, धुक्यावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं. गंमत म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला ते स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं, तुमच्या नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1835 साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात त्याचं वर्णन केलं आहे. गडावर जाणं जमत नसेल तर विमानातूनही दिसतं. बडोद्याहून सकाळी मुंबईला जाताना उजवीकडची खिडकी घ्या, कारण विमान दक्षिणेला जातं, सूर्य डावीकडे असतो आणि सावली उजवीकडच्या ढगांवर पडते. संध्याकाळच्या विमानात डावीकडची.