कुटणारा एक, लाटणाऱ्या वीस

मराठीच्या मास्तराने महासंगणकावर लिहावे, हे आमच्या घरातील तरुण मंडळींना मुळीच मान्य नाही. तरी मी लिहिणार. कारण विषय यंत्राचा दिसत असला, तरी मुळात तो कामाच्या वाटणीचा आहे, आणि ती कोणत्या संसाराला चुकली आहे?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यांची नावे परार्धावर, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, थांबतात. अमेरिकेतील ओक रिज येथल्या ‘फ्रंटियर’ महासंगणकाने २०२२ साली सेकंदाला दहा परार्धांहून अधिक आकडेमोडी करून दाखवल्या! त्याच्या नऊ हजारांवर कप्प्यांपैकी प्रत्येकात एक साधा प्रोसेसर आणि चार ग्राफिक्स प्रोसेसर आहेत. दोन जातींचे कामकरी, एका छपराखाली.

वाचकहो, पापडांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. खाली स्वयंपाकघरात पीठ कुटणारा एक जाणता गडी. वर गच्चीवर लाटणे घेऊन बसलेल्या वीस बायका. गडी नाना कामे करील, अडेल तेथे विचार करील. गच्चीवर मात्र एकच काम, पण वीस हातांनी एकदम. साधा प्रोसेसर हा तो गडी. ग्राफिक्स प्रोसेसर ही ती गच्ची.

आता खरी मेख जिन्यात आहे. एकेक लाटी वर पोचवू लागलात, तर बायका गप्पा मारीत बसतील. परातभर लाट्या एकदम पाठवाव्या, आणि त्या लाटल्या जात असतानाच पुढचे पीठ कुटावे. महासंगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे निम्मे डोके या जिन्यातच खर्च होते. शिवाय जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच बजावून ठेवले आहे: शंभर मिनिटांच्या कामात दहा मिनिटे एकट्याचीच असतील, तर उरलेल्यासाठी हजार माणसे लावा, दहा मिनिटांच्या आत काम उरकणे नाही.

या वाटणीची किंमत लॉस अलामोसच्या ‘रोडरनर’ने दाखवली. २००८ साली सेकंदाला एक पद्धतशीर ‘अंत्य’, म्हणजे एकावर पंधरा शून्ये, इतकी आकडेमोड करणारे ते पहिले यंत्र. त्यात साधे प्रोसेसर होतेच. जोडीला ‘सेल’ जातीच्या १२,९६० चिपा. प्रत्येक सेलमध्ये एक मुकादम आणि आठ मजूर. मजुरांची स्मरणशक्ती इवलीशी, म्हणून कोणता आकडा केव्हा आत न्यायचा नि केव्हा बाहेर काढायचा, हे सारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सांगायचे. एका कामासाठी तीन जातींच्या प्रोसेसरांना तीन वेगळे प्रोग्रॅम! आणि २०१३ साली यंत्र बंद झाले. सेलच्या मापाने बेतलेली ती बारीक शिलाई दुसऱ्या यंत्राच्या अंगाला जशीच्या तशी बसणारी नव्हती.

स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने शहाणपणा केला. अंदाजाच्या प्रोग्रॅमचा गाभा त्यांनी नव्याने लिहविला, पण गणित एकीकडे आणि यंत्राचे बारकावे दुसरीकडे ठेवून. बाकीचे जुने फोर्ट्रान राखून त्यात ‘हे गच्चीवर पाठवा’ अशा सूचना घातल्या. २०१६ पासून त्यांचा अंदाज ग्राफिक्स प्रोसेसरांवर निघू लागला, आणि नकाशाची चौकट सव्वादोन किलोमीटरांवरून एक किलोमीटरच्या आसपास आली. आल्प्सच्या अरुंद दरीत राहणाऱ्याला हा फरक मोठा आहे. पाऊस आपल्या दरीत की डोंगरापलीकडच्या, यावर त्याची रात्र अवलंबून असते.

यंत्र पाचसहा वर्षांत मोडीत निघते. त्यावर चालणारे गणित दोन पिढ्या वापरात राहते. म्हणून काय करायचे ते आधी स्वच्छ लिहावे, आणि कोणी करायचे ते वेगळ्या कागदावर. गडी बदलतील, गच्चीही बदलेल. पापडांचे प्रमाण मात्र आजीच्या वहीत शाबूत राहिले पाहिजे.